एका तारेचा दिवा

दत्तूदादा सुट्टीवर यायचा तेव्हा फाट्यापासून वस्तीपर्यंत त्याची ट्रंक डोक्यावर घ्यायला आमचे तात्या स्वतः जायचे. एरवी हेच तात्या तांब्याभर पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेत नसत. तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आबा, आई, तात्या, दादा आणि मी, एवढंच आमचं घर. घोडेगावपासून आत, रानातच, विहिरीच्या कडेला होतं. दादा हवाई दलात भरती झाला होता आणि दक्षिणेत कुठेतरी त्याचं ट्रेनिंग चालू होतं. तो आला की वस्तीवरची माणसं ओट्यावर येऊन बसायची आणि विचारायची, "दत्तू, इमान लई वर गेल्यावर खालचं मानूस दिसतं का रं?" दादा काही विमान चालवत नव्हता. विमानाच्या आतल्या विजेचं काम तो शिकत होता, बॅटरी, जनरेटर, दिवे आणि पायलटपुढची ती काटे हलणारी यंत्रं, आणि त्याचे पाय कायम जमिनीवरच असायचे. पण हे ऐकण्यात कुणालाच रस नव्हता, आबांना तर मुळीच नाही. आबा म्हणायचे, "त्यो बटन दाबतो तवा इमान हालतं." दादा एकदा-दोनदा म्हणाला, "तसं नाही आबा," आणि मग त्यानेही नाद सोडला. त्यालाही ते गोडच लागत असणार.

मी सांगतेय त्या सुट्टीत त्याच्या डोक्यावर परीक्षा होती. परत गेल्या गेल्या द्यायची होती, आणि नापास झाला असता तर कुठल्या तरी भांडारात सामान मोजायला बसवलं असतं म्हणे. वस्तीवर इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. मी अकरावीत होते, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात. दुपारचं आवरलं की दादा पडवीत खांबाला टेकून डोळे मिटून बसायचा. मांडीवर सूप घेऊन मी हुलगे निवडायची, शेजारी त्याच्या टाइप केलेल्या नोट्स उघड्या ठेवायची आणि एकेक प्रश्न विचारायची. "व्हॉट इज अ सर्किट?" दादा धडाधडा म्हणायचा. अडला की मी शब्द पुरवायची. तीन-चार दुपारी अशा गेल्यावर गंमत अशी झाली की तो तोंड उघडायच्या आधीच उत्तर माझ्या जिभेवर तयार असे. अर्थ कळल्याशिवाय घोकणं मला शाळेपासून जमत नाही. म्हणून मी मध्येच विचारायची, "म्हंजी काय दादा?" आणि त्याची लहर असली तर तो मराठीत समजावून सांगायचा.

वीज निघते, काम करते आणि जिथून निघाली तिथे तिला परत यावंच लागतं. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. हे मला इतकं आवडलं की दोन दिवस मी प्रत्येक गोष्टीत ते बघत होते, विहिरीच्या पोहऱ्यात, आईच्या माहेरी जाण्या-येण्यात. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, एक जायची आणि एक यायची. विमानात मात्र दिव्याला एकच तार. यायची तार म्हणजे विमानाचं अंगच. सगळं अंग धातूचं, मग वेगळ्या तारेचं ओझं कशाला वाहायचं? त्यासाठी विमानाचा एकूण एक तुकडा, दार असो नाहीतर शेपटीची फळी, तांब्याच्या वेणीने दुसऱ्या तुकड्याला बांधलेला असतो. त्याला बॉन्डिंग म्हणायचं. ती वेणी कुठे सैल झाली की तिथे वीज भरकटते आणि नको तिथे शिरते. दादा हे सांगताना हाताने हवेत वेणी घालून दाखवायचा. त्या दुपारी मला अजून लख्ख आठवतात. आमच्या घरात मला कुणी इतकं सलग काही सांगितल्याचं दुसरं उदाहरण नाही.

साल कोरडं होतं. विहिरीत तळाला पाणी उरलेलं, मोटर घटकाभर चालायची आणि मग फुसफुसायची. घरची ज्वारी संपली होती आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापता थापता काठाला चिरायची आणि आई तिला अशा शिव्या द्यायची की सरकारने ऐकल्या असत्या तर आम्हाला काहीच मिळालं नसतं. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, दुपारी भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी भाकरी आणि ताक. ताक होतं ते चंद्रीमुळे. चंद्री आमची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे बोटं चोखवून दूध पाजून मीच तिला वाढवली होती. धार काढायला मीच बसायची. दुसरं कुणी बसलं तर ती लाथ मारायची नाही, फक्त मान वळवून असं बघायची की बसलेला माणूस आपोआप उठायचा. सगळी जनावरं रोडावली होती, बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या, पण चंद्री दोन वेळा दूध देत होती. दुष्काळातून आम्ही माणसासारखे बाहेर आलो ते तिच्यामुळे, असं माझं आजही मत आहे, आणि कुणी वाद घालायला आलं तर मी घालीन.

विहिरीवरच्या मोटरीला वीज होती, घरात मात्र दिवा नव्हता. मोटरीसाठी खांबावरून तीन तारा आल्या होत्या, आणि त्या तिन्ही जायच्या. घरच्या दिव्याला जी यायची तार लागते ती आमच्या रानापर्यंत आलीच नव्हती. घरासाठी वेगळं कनेक्शन घ्यायचं तर नंबर लागत नव्हता. दादाची सुट्टी संपायला चार-सहा दिवस राहिले असताना तो सकाळी चहा पिता पिता एकदम म्हणाला, "आबा, विमानात एकच तार असते. आपल्यालाही एकच पुरे." आबांना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, पण त्यांनी अशा कौतुकाने तात्यांकडे बघितलं की विचारू नका. दादाने मोटरीच्या पेटीतून एक तार घेतली, ती बाभळीवरून घरापर्यंत ओढली, पडवीत होल्डर बसवला आणि बल्बची दुसरी तार भिंतीवरून खाली आणून एका जुन्या पहारेला गुंडाळली. ती पहार जमिनीत ठोकली. कुठे ठोकली, तर जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीला लागून. कारण साऱ्या आवारात ओली जमीन तेवढीच होती, आणि ओल असली की वीज चांगली मुरते.

दिवा लागला. आईने बटणाला हळदकुंकू लावलं. वस्तीवरची सगळी माणसं बघून गेली आणि त्याला इमानाचा दिवा असं नावही पडलं. मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण दिव्याकडे बघता बघता माझं लक्ष पहारेकडे गेलं आणि मी विचारलं, सगळ्यांच्या देखत विचारलं, "दादा, इमानाचं अंग धातूचं, वेण्यांनी बांधलेलं. आपली यायची वाट म्हंजी ही माती. मातीला कोन वेनी घालनार? मंग पहारेपाशी जे उभं ऱ्हाईल ते तारेवरच उभं ऱ्हायल्यागत न्हाई का? आन् इमानात अठ्ठावीस व्होल्ट, हितं दोनशे तीस." दादाची नजर पहारेकडे गेली. ती गेलेली मी बघितली, बाकी कुणी नाही. मग म्हणाला, "आता तू मला शिकवणार? जमीन केवढी मोठी असते, सगळं पिऊन टाकते." तात्या म्हणाले, "सुमीला बी भरती करून घ्या रं, ती उडवंल इमान." सगळे हसले.

दादा गेला. परीक्षा पास झाल्याचं कळलं आणि आबांनी वस्तीवर गूळ वाटला. तात्यांना दिव्याची चटक लागली. पडवीतला बल्ब त्यांना मिणमिणता वाटायला लागला, म्हणून नगरला गेले तेव्हा दोनशे वॅटचा मोठा बल्ब घेऊन आले आणि तो गोठ्यात टांगला, त्याच पहारेच्या जिवावर. ऊन वाढत गेलं, जमीन सुकत गेली, तसा दिवा मंदावायला लागला. तेव्हा कुणीतरी शोध लावला की पहारेच्या बुडाशी पाणी ओतलं की दिवा भकदिशी मोठा होतो. मग रोज संध्याकाळी भांडी घासल्याचं पाणी आई तुळशीला घालायच्या ऐवजी पहारेला घालायला लागली. पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवायचे. आई पाणी ओतायची, दिवा मोठा व्हायचा आणि पाहुणे तोंडात बोट घालायचे.

आणि चंद्रीने डोणीवर पाणी प्यायचं सोडलं. सकाळी दिवा बंद असताना प्यायची. संध्याकाळी रानातून तहानलेली यायची, डोणीपाशी नाक न्यायची आणि चटका बसल्यासारखी फुरकन मागे सरायची. दोन-चार वेळा असं करून मग डोळे पांढरे करून नुसती उभी राहायची. गोठ्यातही पाय उचलून उचलून ठेवायची. धारेला बसले तर पान्हा चोरायची, आणि ही म्हैस कधी माझ्यापासून पान्हा चोरणारी नव्हती. आई म्हणाली दृष्ट लागली. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आम्हाला लागला, चंद्रीला काही फरक पडला नाही. दूध निम्म्यावर आलं आणि आबा ताकाच्या वाटीत वाकून बघायला लागले.

एका संध्याकाळी मी तिच्या गळ्यात हात घालून तिला डोणीकडे ओढत होते. पायात काही नव्हतं, पाय चिखलात, आणि दुसरा हात डोणीच्या पाण्यात. हाताला मुंग्या आल्या. बसून बसून पायाला येतात तशा नाहीत, बोटांच्या टोकाला कुणी बारीक सुया लावाव्यात तशा. हात काढला, गेल्या. घातला, आल्या. मी जाऊन गोठ्याचं आणि पडवीचं, दोन्ही बटणं बंद केली आणि परत हात घातला. काही नाही. मला एकदम दादाचा हवेत वेणी घालणारा हात आठवला. वीज भरकटली होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला बी येत्यात गं मुंग्या. उपासानं आसंल." आईसुद्धा अनवाणीच असायची. घरातली सगळी बायकामाणसं आणि जनावरं अनवाणी, आणि आबा आणि तात्यांच्या पायात टायरच्या तळाच्या जाड वहाणा. त्या झोपतानाच काय त्या निघायच्या.

मी आबांना सांगितलं. चांगलं नीट सांगितलं, रागावून नाही, उद्धटपणे नाही. म्हणाले, "आबा, डोनीत करंट उतरतोय. म्हैस त्यानं बिचकती. ह्यो दिवा बंद कराया पायजे." आबा विडी ओढत बसले होते. म्हणाले, "दत्तूनं जोडलंय ते." मी म्हणाले, "दादानं जोडलंय, पन आता वर दोनशेचा बल्ब हाय, आन् जमीन सुकली हाय." आबा म्हणाले, "सरकार त्याच्या हातात इमानं देतंय सुमे. आन् तुला त्यानं जोडलेल्या बल्बात खोट दिसती?" मी म्हणाले, हात घालून बघा. तसे ते उठले, खरंच उठले, डोणीपाशी आले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. वहाणांसकट. "कुटं काय?" मी म्हणाले, "आबा, वहाना काडा." त्याच वेळी बांधावरून शेजारचे पाटील येत होते. आबा ओला हात धोतराला पुसत त्यांना म्हणाले, "बघा वो, पोरगी बापाला वहाना काडाया सांगती." झालं. आमचं शास्त्र तिथेच संपलं.

आता माझ्या नगरच्या घरात इन्व्हर्टर आहे. परवा तो बंद पडला म्हणून एक तरुण मुलगा दुरुस्तीला आला. दारातच विचारतो, "काका आहेत का?" काकांना फ्यूज आणि पेन्सिल यातला फरक कळत नाही. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पोरांकडून बॅटरीला बल्ब जोडून घेतले. मी त्याला सांगितलं की बॅटरीच्या टोकावर पांढरं साचलंय, ते आधी खरवडून बघ. तो "हो काकू, बघतो" म्हणाला आणि काकांची वाट बघत स्टुलावर बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. या वयात भांडी आपटणं शोभत नाही, पण मग काय करायचं ते तरी कुणी सांगावं.

तर चंद्री. आबांना हात घालून कळत नाही तर डोळ्यांनी दाखवावं असं मी ठरवलं. दिवा बंद असेल तर ती पिते आणि चालू असेल तर पीत नाही, एवढं जरी त्यांनी बघितलं तरी पुरे होतं. पण संध्याकाळ झाली की दिवा लागलाच पाहिजे असा तात्यांचा दंडक होता. मी एकदा पेटीतला फ्यूज काढून ठेवला तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि दुसरा घालून आले. पहारेची तार उपटणं माझ्या हातात होतं, पण मला माहीत होतं की ती सोडली तर तिच्या टोकातच सगळी वीज येऊन बसेल आणि आईचा नाहीतर एखाद्या वासराचा पाय त्याच्यावर पडेल. म्हणून मी आबांच्या पाया पडून एक संध्याकाळ मागून घेतली. आबा ओट्यावर बसले, तात्या चेष्टेच्या तयारीने उभे राहिले. मी दोन्ही बटणं बंद केली. डोणीत हात घातला, मुंग्या नाहीत. चंद्रीला सोडली. मनात म्हणाले, ये बाई, पी.

ती आली. डोणीपासून दोन हातांवर थांबली. मान लांब केली, वास घेतला आणि फुरकन मागे सरली. मी पाण्यात हात खळबळवला, तिला हाका मारल्या, ओंजळीत पाणी घेऊन तिच्या नाकाला लावलं. ते ओंजळीतलं चाटून प्यायली, पण डोणीला तोंड लावीना. इतक्या संध्याकाळी चटके खाल्लेलं जनावर ते. दिवा बंद आहे हे तिला मी कुठल्या भाषेत सांगणार होते? तिने एकच गोष्ट शिकली होती, संध्याकाळी या दगडाला तोंड लावायचं नाही. तात्या हसले आणि म्हणाले, "हिच्यापरीस म्हैस श्यानी हाय." आबा हसले नाहीत. ते खूप शांतपणे म्हणाले, "दिवा बंद, तरी पीत न्हाई. खोड लागली तिला. येत्या बाजारला काडू." मी रडले नाही, भांडले. चंद्री गाभण राहील, दूध वाढेल, नुसती डोण दुसरीकडे हलवा, पाहिजे तर मी एकटी दगड ओढते, सगळं बोलून बघितलं. आबा म्हणाले, "आता लई झालं." आमच्या घरात हे वाक्य आलं की पुढे काही नसायचं.

बाजारच्या दिवशी पहाटे मी तिला धुतलं, शिंगांना तेल लावलं. तेवढं मला करू दिलं. ती आबांच्या मागे वाटेला लागली आणि बांधाच्या वळणावर थांबून मागे बघायला लागली. तात्यांनी शेपटी पिरगाळली तेव्हा चालली. दिवसभर मी घरातलं सगळं काम केलं, एकही भांडं बिनघासलं ठेवलं नाही. संध्याकाळी आबा नवी म्हैस घेऊन आले आणि तात्या जेवता जेवता बाजाराची हकिगत सांगायला लागले. जामखेडकडच्या एका व्यापाऱ्याने चंद्री घेतली. आबा सरळ माणूस, त्यांनी खोड लपवली नाही, सांगून टाकलं की ही पाण्याला बिचकते. व्यापारी म्हणाला बघू, आणि तिला बाजाराच्या हौदावर नेली. "आन् काय सांगू वहिनी," तात्या आईला म्हणाले, "आशी प्याली, आशी प्याली, नाक बुडवून. दम म्हून घेतला न्हाई. व्यापारी आमच्या तोंडाकडं बघतोय, आन् आमी त्याच्या."

माझ्या हातात भाकरीची दुरडी होती. मी म्हणाले, "मंग परत का न्हाई आनली?"

"शबुद दिल्ता," आबा म्हणाले. "दिलेला शबुद फिरवत न्हाईत."

"आबा, तितं दिवा नव्हता म्हून प्याली ती. तितं करंट नव्हता."

"तितं तहान लागली हुती म्हून प्याली," आबा म्हणाले. त्यावर तात्यांनी ताक मागितलं.

नवी म्हैस अंगाने थोराड आणि स्वभावाने गरीब होती. तिचा काही दोष नव्हता, तरी मी तिला पहिल्या दिवशी नावसुद्धा ठेवलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी आईने पहारेला पाणी घातलं, गोठ्यात दोनशेचा बल्ब भकदिशी लागला आणि ही बाई डोणीपाशी गेली. नाक लावलं आणि अशी उसळली की दाव्याची खुंटी उपटून बाहेर. आबा ओट्यावरून बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता तरी. माणसाने दोन वेगळी जनावरं एकाच जागी बिचकताना बघितली, तर त्याला काहीतरी सुचायला पाहिजे की नाही? आबांना सुचलं. ते आईला म्हणाले, "जागंला कायतरी हाय." पुढच्या अमावास्येला डोणीवर काळी बाहुली टांगली, बिब्बा टांगला आणि कोंबडं कापलं. कोंबडं मीच शिजवलं, आणि रस्सा चांगला झाला होता म्हणून सगळे दोनदा जेवले. त्या दिवशी मला माझ्या घरातल्या माणसांची जितकी चीड आली तितकी आयुष्यात पुन्हा कुणाची आली नाही.

दादा परत सुट्टीवर आला तो दिवेलागणीला. ट्रंक तात्यांच्या डोक्यावर, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. आबा पुढे झाले, आई भाकरतुकडा ओवाळायला आली. दादाने बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय धुवायला म्हणून थेट डोणीकडे गेला. पाय चिखलात ठेवले, वाकून दोन्ही हात पाण्यात घातले आणि हाय म्हणत मागे सरला. चंद्री सरायची तसाच. परत एक बोट लावून बघितलं. मग वर बघितलं तर तार, तिच्यामागे गोठ्यातला दोनशेचा बल्ब, खाली पहार. त्याचा चेहरा उतरला. मी पडवीच्या दारात उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे. मग आबांना म्हणाला, "आबा, डोणीत करंट उतरतोय. जनावरं बिचकत असतील. हा दिवा बंद करायला पाहिजे."

"काडून टाक," आबा म्हणाले.

एवढंच. काय, कसं, कशाने, एक शब्द विचारला नाही. तात्यांनी धावत जाऊन मोटरीच्या पेटीतला फ्यूज काढला, दादाने तार गुंडाळली, पहार उपटली आणि काळी बाहुलीही काढली. कंदील पुसून लावला. जेवायच्या आधीच ओट्यावर चार माणसं जमली होती आणि आबा त्यांना सांगत होते, "आल्या आल्या हात लावला आन् वळखलं. शिकल्यालं मानूस त्ये शिकल्यालं." दादा त्यांच्यात बसला होता. गुंडाळलेल्या तारेच्या गाठी सोडवत होता.

जेवताना नव्या म्हशीच्या दुधाचा विषय निघाला आणि तिथून चंद्रीचा. आबा घास हातात धरून थांबले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. म्हणाले, "लई चांगली म्हैस गेली रं दत्तू. हे आदी कुनी सांगितलं आस्तं, तर कशाला इकली आस्ती?"

मी वाढत होते. म्हणाले, "आबा, मी सांगितलं हुतं."

आबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तू? कवा?"

मी दादाकडे बघितलं. दादा ताटात बघून भाकरी कुस्करत होता. तात्यांनी ठेचा मागितला, तो मी वाढला. आबा अजून माझ्या तोंडाकडे बघत होते, उत्तराची वाट बघत, कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न करत. माझ्या बापाने जन्मात मला खोटं सांगितलं नाही आणि त्या दिवशीही सांगत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलले असते तर मी भांडले तरी असते.